अंगावर काढलेलं दुखणं: गुडघा बदलल्यानंतरचे घरातले दिवस

पार्श्वभूमी

काकू 66 वर्षांच्या. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जुन्या दगडी घरात त्या आणि काका दोघंच राहतात. मुलगा-सून पुण्याला. दोन्ही गुडघे दहा वर्षांपासून झिजलेले, त्यातला उजवा जास्त. शेवटच्या दोन वर्षांत शेतावर जाणं सुटलं, मग देवळात जाणं सुटलं. घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायची वेळ आली तेव्हा मुलाने हट्टाने ऑपरेशन ठरवलं. श्रावणात उजव्या गुडघ्याचा सांधा पूर्ण बदलला. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं चालल्या आणि पाचव्या दिवशी गाडीने घरी आल्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या भागात घरी जाऊन रुग्णांना व्यायाम देते. सहाव्या दिवसापासून काकूंकडे एक दिवसाआड जाऊ लागले. काकू-काकांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घराची रचना इथे महत्त्वाची आहे. सोप्यातून माजघरात जायला वीतभर उंचीचा उंबरठा. संडास परसात, तीन पायऱ्या उतरून, खाली बसायचा. ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज घेताना मुलाने सांधा, खोलीभाडं, औषधं असं सगळं मांडलं होतं. घरी आल्यावर काय लागेल याचा कागद मात्र कुणी केला नव्हता. वॉकर आणि कमोडची खुर्ची घरी निघायच्या आदल्या संध्याकाळी घाईने घेतली. ती खुर्ची माजघरात, जुन्या साडीच्या पडद्याआड ठेवली होती.

पहिले दहा दिवस

घरी आल्या तेव्हा गुडघा 70 अंशांपर्यंत वाकत होता आणि सरळ व्हायला 10 अंश कमी पडत होता. पाचव्या दिवसाला हे वाईट नाही. नुसतं सपाटीवर चालायला साधारण 65-70 अंश वाकणं लागतं, जिना चढायला 85-90, खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडं जास्त. दोन आठवड्यांत 90 च्या आसपास पोचावं अशी आमची अपेक्षा असते. कारण सांध्याभोवती नवा तंतुमय पडदा धरायला लागतो आणि हलवाहलव झाली नाही तर तो आवळत जातो.

आठव्या दिवशी मोजलं तर 66. दहाव्या दिवशी 62, आणि सरळ व्हायला आता 15 अंश कमी. गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी होती. तसं ठेवलं की बरं वाटतं हे खरं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे माणूस लंगडतच चालतो. मी ती गुंडाळी काढून टाचेखाली ठेवायला सांगायचे. पुढच्या खेपेला ती पुन्हा गुडघ्याखाली असायची.

"दुखतंय का काकू?"

"ठीक आहे."

"शून्य ते दहामध्ये किती?"

"आता काय सांगू ताई. असेल दोन-तीन."

पण पाय हातात घेतला की मांडी दगडासारखी ताठ व्हायची, ओठ आवळले जायचे, आणि तिसऱ्या वेळेला त्या म्हणायच्या, "आज राहू द्या." एकदा म्हणाल्या, "तीन बाळंतपणं झाली माझी याच घरात. दुखण्याचं मला नका सांगू." गोळ्यांचं काय, तर काका घड्याळ लावून गोळी हातात देत होते आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर टिक करत होते. एकही टिक चुकलेली नव्हती.

दहाव्या दिवसाच्या माझ्या नोंदीत मी लिहिलं, "रुग्णाचं सहकार्य कमी." ते वाक्य आजही माझ्या फाईलमध्ये आहे आणि ते चूक होतं.

अकराव्या दिवशी काय कळलं

अकराव्या दिवशी मी ठरलेली वेळ नसताना गेले. 62 हा आकडा मला रात्रभर टोचत होता. शेजारच्या बाई चादर बदलत होत्या. उशीचा अभ्रा उलटा केला तशा त्यातून गोळ्या पडल्या. पॅरासिटामॉलच्या तेरा, रात्रीच्या ट्रामाडॉलच्या, म्हणजे जास्त जोराच्या दुखण्याच्या गोळ्या, चार. काका तिथेच उभे होते. त्यांनी खाली वाकून एकेक गोळी उचलून वहीवर मांडली. कुणीच काही बोललं नाही.

काकूंनी आधी सांगितलं की गोळ्यांनी किडनी जाते, जावेच्या भावाची गेली होती. मी ते ऐकून घेतलं. तेवढ्यावर समजूत घालून निघाले असते तर खरं कारण कधीच कळलं नसतं. काका चहा ठेवायला आत गेले तेव्हा काकू भिंतीकडे बघत हळूच म्हणाल्या, "पाच दिवस झाले, पोट साफ नाही."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. ट्रामाडॉलने बद्धकोष्ठता होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच ताडलं आणि सगळ्याच गोळ्यांवर फुली मारली. पण त्याच्याही मागे ती पडद्याआडची खुर्ची होती. खुर्चीखालची बादली काका उचलून परसात नेत होते. चाळीस वर्षांत ज्या माणसाला त्यांनी स्वतःचं ताटही उचलू दिलं नव्हतं, त्याच्या हातात ती बादली बघणं त्यांना ऑपरेशनपेक्षा जड गेलं होतं. म्हणून त्या पाणी कमी पीत होत्या. रात्री जेवत नव्हत्या. पाणी कमी, जेवण कमी, हालचाल कमी, म्हणजे पोट आणखी घट्ट. पोट घट्ट म्हणून गोळ्या बंद. गोळ्या बंद म्हणून रात्रभर दुखणं, आणि रात्रभर जागलेला माणूस सकाळी व्यायामाला पाय हातात देईल कसा?

एक गोळी मात्र त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली. सर्जननी निघताना समोर बसवून सांगितलं होतं, "ही चुकली तर धोका आहे." दुखण्याच्या गोळीबद्दल तसं कुणी म्हणालं नव्हतं. ट्रामाडॉलपुढे तर कार्डावर "गरज पडल्यास" एवढंच लिहिलेलं होतं. जिने आयुष्यभर दुखणं अंगावर काढलं, ती बाई "गरज पडली" असं कधी म्हणणार?

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी मुलाशी फोनवर बोलणं झालं. तो घाबरला होता आणि त्याचा पहिला सूर होता की आईला पुण्याला एखाद्या केंद्रात ठेवू, तिथे रोज दोनदा व्यायाम होईल. खर्च होता, पण तो करायला तयार होता. माझी अडचण वेगळी होती. तिथेही काकू हे सगळं लपवणारच होत्या, आणि अनोळखी माणसांपुढे जास्तच.

दुसरा पर्याय म्हणजे जोर लावून वाकवणं. "एकदा कडक हाताने केलं की सुटतं," असं सांगणारे आमच्यातही आहेत. दुखण्याने आवळलेल्या स्नायूवर जोर लावला की तो आणखी आवळतो, सूज वाढते आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण दारच उघडत नाही. हा पर्याय मी बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय काकूंचा स्वतःचा: आठ दिवस सगळं थांबवू, जखम भरू दे, मग बघू. इतर कित्येक दुखण्यांत हे योग्य ठरतं. बदललेल्या गुडघ्यात हेच आठ दिवस सर्वात महाग पडतात. सहा ते बारा आठवड्यांपर्यंत गुडघा 90 अंशांपर्यंतही गेला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो वाकवायची वेळ येऊ शकते.

आम्ही चौथा मार्ग घेतला. व्यायामाचं पुढचे दोन दिवस बोलायचंच नाही. आधी पोट, मग झोप, मग गुडघा.

काय केलं

तिथूनच सर्जनना फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं. त्यांनी पोटासाठी रात्री घ्यायचं पातळ औषध सुरू केलं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला, दुखो न दुखो. ट्रामाडॉलची गोळी रात्री एकच आणि तीही आठवडाभरच. त्या गोळीत पॅरासिटामॉलही असतं, म्हणून दिवसाची बेरीज काकांनी वहीत मांडली: 650 ची तीन वेळा आणि रात्रीच्या गोळीतलं 325, एकूण 2,275 मिलिग्रॅम. सर्जननी घालून दिलेल्या मर्यादेच्या आत.

किडनीच्या भीतीलाही उत्तर द्यायचं होतं, कारण ती अगदीच निराधार नव्हती. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या या वयात, त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असताना, किडनीला खरंच त्रास देऊ शकतात. काकूंनी जावेच्या भावाबद्दल ऐकलेलं त्यातलंच असावं. ठरलेल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल तसं नाही, त्याचा धोका मात्रा ओलांडली की यकृताला असतो. हे असं वेगवेगळं करून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तसं सांगायचं ना आधी."

बादलीचा प्रश्न शेजारच्या बाईंनी सोडवला. सकाळ-संध्याकाळ त्या येऊ लागल्या, महिन्याचे पैसे ठरवून. काकांना वाईट वाटलं. त्यांना ते काम जड नव्हतंच. पण काकू त्या रात्री दोन भांडी पाणी प्यायल्या आणि भाकरी खाल्ली.

शून्य ते दहाचा हिशेब मी सोडून दिला. काकूंना विचारलं, "सोळा आणे म्हणजे सोसवणार नाही इतकं. आत्ता किती आणे?" त्या लगेच म्हणाल्या, "बारा." दहा दिवसांतलं ते पहिलं खरं उत्तर. मग त्याच मापात नियम बसवला. व्यायाम करताना आठ आण्यांपर्यंत दुखलं तर चालेल. थांबल्यावर तासा-दोन तासांत ते पूर्वीच्या जागी उतरलं पाहिजे. दुसऱ्या सकाळी कालच्या सकाळपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम निम्मा, पण बंद नाही. काका सकाळ, दुपार, रात्र आणे लिहू लागले.

व्यायाम गोळी घेतल्यावर तासाभराने. वेळ दहाच मिनिटं, पण दिवसातून पाच वेळा. कॉटवर बसून पाय खाली सोडायचा आणि चांगल्या पायाने दुखऱ्याला हळूच मागे रेटायचं, म्हणजे किती वाकवायचं हे त्यांच्याच ताब्यात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मनात दहा आकडे मोजत. नंतर बर्फाची पिशवी पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. बर्फाला घरातल्या सगळ्यांचा विरोध होता, थंडीने हाडं धरतात म्हणून. तेल लावून शेकायची तयारी तर दोन वेळा झाली होती. ताज्या जखमेवर तेल आणि सुजेवर शेक नको, एवढ्यावर मी अडून बसले.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. जखमेच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर होती आणि काकूंना वाटत होतं की पाय मरत चाललाय. तिथली त्वचेची बारीक शीर चिरा देताना तुटते, बहुतेकांना असं होतं, वर्षभरात ती जागा लहान होत जाते. हे सांगायला एक मिनिट लागलं. त्या भीतीत त्यांचे अकरा दिवस गेले होते.

चौदाव्या दिवशी टाके निघाले तेव्हा गुडघा 72 अंशांवर होता. अठराव्या दिवशी 84. वहीत सकाळचे आणे बारावरून सहावर आले होते.

गौरींचे तीन दिवस

एकोणिसाव्या दिवशी गौरी आल्या. सून पुण्याहून आली, नणंदा आल्या, घर भरलं. मी जाताना सांगून गेले, "काकू, जपून." पुजेच्या दिवशी पहाटेपासून काकू वॉकर बाजूला ठेवून ओट्याला धरून उभ्या होत्या. पुरण त्यांनी स्वतः वाटलं. सोळा भाज्यांची चव दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही, हे त्या घरात सगळ्यांनाच मान्य आहे. दुपारी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांबरोबर बसताना बुटक्या स्टुलावर बसल्या आणि उठताना गुडघा पिळला गेला. दोन दिवस व्यायाम झाला नाही, बर्फ तर नाहीच.

बाविसाव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. गुडघा टम्म सुजलेला, पोटरीसुद्धा सुजलेली. अंगात कणकण, 99.4. वहीत पंधरा आणे. मी पोचले तेव्हा काकू रडत होत्या. "पहिल्यासारखं झालं ताई. सगळं पाण्यात गेलं."

त्या सकाळचा निर्णय

त्या सकाळी घरात तीन मतं होती. नणंदेच्या पर्समध्ये दाढेसाठी घेतलेल्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या पाच गोळ्या होत्या, त्या आत्ताच सुरू कराव्यात असं तिचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, आज विसर्जनाचा शीण आहे, दोन दिवस बघू. माझा अंदाज होता की हा जास्त झालेल्या कामाचा परिणाम आहे. तीन दिवसांचं उभं राहणं, पिळलेला गुडघा, थांबलेला बर्फ, सगळं त्याच दिशेला बोट दाखवत होतं.

पण पोटरीची सूज होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं, आणि बाहेरून बघून किंवा दाबून ती नक्की ओळखता येत नाही. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला असता तरी सुरुवात अशीच दिसली असती. माझा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी होती. चुकला असता तर किंमत काकूंना मोजावी लागली असती. म्हणून मी म्हटलं, गाडी काढा, आजच.

प्रतिजैविक मात्र हट्टाने थांबवलं. संसर्ग असेल तर सांध्यातलं पाणी काढून कोणता जंतू आहे हे शोधावं लागतं. आधीच दोन गोळ्या पोटात गेल्या की तो जंतू तपासणीत सापडेलच असं नाही आणि सांध्यात मात्र तसाच राहू शकतो. नणंदेला राग आला. पुढे तिनेच गाडीत काकूंचा पाय मांडीवर घेतला.

पायाची डॉपलर तपासणी (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाली, रक्त तपासलं. गुठळी नव्हती. रक्तातले आकडे तीन आठवड्यांच्या मानाने ठीक होते. जखम कोरडी होती, पू नाही, लाली पसरलेली नाही. संध्याकाळी सगळे घरी परतले. काकूंनी तपासण्यांच्या खर्चाचा विषय काढला, उगाच गेला म्हणून. मुलगा म्हणाला, "आई, उगाच गेला हेच बरं झालं."

पुढे काय झालं

गुडघा 84 वरून 68 वर आला होता. काकूंच्या मनाने शून्य गाठलं होतं. मी वहीची पानं उलटून अकराव्या दिवसाचं पान समोर ठेवलं. तेव्हा 62 होता, आज पंधरा आणे दुखत असताना 68 आहे. शिवाय ही सूज आहे, आखडणं नाही. सूज ओसरली की गुडघा आपणहून बराचसा परत येतो. त्या बराच वेळ ते पान बघत बसल्या. मग विचारलं, "आज किती वेळा करायचं?" निम्मं, मी म्हटलं. पाय उंचावर, बर्फ दिवसातून पाचदा, चालणं फक्त संडासापुरतं.

सहा दिवसांनी तो 84 वर परतला. सहाव्या आठवड्याच्या शेवटी 96 झाला, पुन्हा भूल द्यायची गरज पडली नाही. पूर्ण सरळ व्हायला मात्र दहा आठवडे लागले, आणि ते पहिल्या दहा दिवसांतल्या गोधडीच्या गुंडाळीचं देणं होतं असं मला वाटतं. तीन महिन्यांनी 110. परसातल्या तीन पायऱ्या काठी घेऊन उतरू लागल्या, तेव्हा चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी हे मी त्यांना घोकून घ्यायला लावलं होतं. दरम्यान मुलाने संडासात उंच भांडं बसवून घेतलं आणि ती खुर्ची पडद्यासकट माळ्यावर गेली.

दुखणं पूर्ण गेलं का? नाही. सहा महिन्यांनीही सकाळी पहिली दहा पावलं जड असतात, पावसाळी हवेत दोन-तीन आणे असतातच. हे ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण पाचात एकाला पुढेही बऱ्यापैकी दुखत राहतं. काकू त्यात नाहीत. पण हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर प्रत्येक कळ म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटत राहतं.

आज असं घर समोर आलं तर

सहाव्या दिवशी, पहिल्याच भेटीत, मी पोटाचं विचारीन. तेही घरातले पुरुष खोलीबाहेर गेल्यावर. गोळ्या दिल्याची वही न बघता पाकिटं आणि माणूस दोन्ही बघेन. रात्री किती वाजता जाग येते आणि त्यानंतर काय करता, हा प्रश्न "दुखतंय का" या प्रश्नाच्या आधी येईल.

सर्जनना मी आता विनंती करते की पहिल्या दोन आठवड्यांच्या कार्डावर "गरज पडल्यास" लिहू नका, वेळ लिहा. काहीजण लिहू लागले आहेत. ट्रामाडॉल लिहिलं असेल तर पोटाचं औषध त्याच चिठ्ठीवर हवं, म्हणजे रुग्णाला ते मागावं लागत नाही.

गौरींबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्या येणार हे मला श्रावणातच माहीत होतं. "जपून" या शब्दाने काहीच होत नाही. काकूंना पुरणापासून दूर ठेवणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. सहा महिने वाट पाहून त्यांनी हा पाय केला होता तो याचसाठी. आधल्या दिवशी सुनेला बसवून ठरवता आलं असतं. ओट्याशी उंच स्टूल, बुटकी बैठक घरातून हलवायची, काकू बसून पुरण वाटतील आणि भाज्यांची चव सांगतील, फोडणी सून देईल, दुपारी दोन ते चार पाय उंचावर आणि हळदीकुंकवाच्या बायका कॉटपाशी येतील. यातलं एकही अवघड नव्हतं.

माघ महिन्यात काकूंनी डाव्या गुडघ्याचं विचारलं. पुढच्या वर्षी करायचं म्हणतात, गौरी झाल्यावर. काकांनी नवी वही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर त्यांनी रकाने आखलेत: वेळ, गोळी, गिळली का, आणे, पोट.